ओला रुमाल

१

"मावशी, माझं यंत्र चोरीला गेलं," दीपमाला म्हणाली, आणि पिशवीतून तेच यंत्र काढून तिने माझ्या जेवणाच्या टेबलावर ठेवलं.

मी यंत्राकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "चोर सज्जन दिसतोय. लगेच परत दिलं."

ती हसली नाही. फोन माझ्यापुढे सरकवत म्हणाली, "हे माझं. आणि हे बघ, हेही माझंच."

फोनवर 'शर्करायन' नावाच्या नव्या कंपनीचा व्हिडिओ होता. शुभंकर नावाचा एक चुणचुणीत तरुण उसाच्या फडात उभा होता आणि त्याच्या हातात दीपमालाच्या यंत्राचं जुळं भावंड होतं. तेच चिमट्यासारखं तोंड, तीच मूठ. फक्त रंग निळा.

मी प्रेमला रंगारी. खडकीच्या संरक्षण कारखान्यातून सतर्कता अधिकारी म्हणून निवृत्त झाले. गेटमधून काय बाहेर जातं आणि कोणामुळे जातं, एवढंच आयुष्यभर बघितलं. दीपमाला गजभिये आमच्या क्वार्टर्समधल्या मैत्रिणीची मुलगी. इंजिनिअर झाली, चांगली नोकरी सोडली आणि उसाच्या मागे लागली, तेव्हा सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं. मी काढलं नाही. मला आधी समोरच्याचं ऐकून घ्यायची खोड आहे, आणि ऐकल्यावर तिचं म्हणणं पटलं होतं.

ऊस तोडणीला आला की नाही हे कळायला त्याला टोचून रस काढावा लागतो. दीपमालाचं 'गोडी' कांड्याला चिमट्यासारखं लावलं, की आतून प्रकाश सोडून रसाची गोडी सांगतं. टोचणं नाही, कापणं नाही. हे यंत्र कारखान्यात बनवायचं तर भांडवल हवं. त्यासाठी ती ज्यांच्या ज्यांच्या दारात गेली त्यांनी तिला लग्न कधी करणार ते विचारलं, लग्नानंतर कंपनीचं काय होणार ते विचारलं, आणि शेवटी, "बरं, तांत्रिक बाजू कोण बघतं?" हेही विचारलं. तांत्रिक बाजू तीच बघत होती.

अखेर मेघडंबरी व्हेंचर्स ही गुंतवणूक करणारी पुण्यातली संस्था पैसे द्यायला तयार झाली. तिथले राकेश हा व्यवहार बघत होते. संस्थेतला मोठा पैसा हिंमतराव नावाच्या बड्या उद्योजकाचा.

"सकाळी राकेशसरांचा फोन आला," दीपमाला म्हणाली. "म्हणाले, शर्करायनने आधी जाहीर केलं, म्हणजे नक्कल तुमची. गुरुवारी मांजरीच्या शेतात दोन्ही यंत्रं लावू, हिंमतराव स्वतः येतील. यंत्र तुमचंच आहे हे तोवर दाखवा, नाहीतर विषय संपला."

विषय संपला म्हणजे कंपनी बंद, आणि वर चोर हे नाव. आपल्याकडे धंदा बुडालेला माणूस पुन्हा उभा राहतो. चोर ठरलेल्या बाईला कोणी जिनाही चढू देत नाही.

"आराखडे कोणाकोणाकडे होते?"

"चौघांकडे. माझा विक्री बघणारा सलिल. सल्लागार उत्तरेश्वरकाका. मेघडंबरीत राकेशसर, आणि त्यांच्या हाताखालची ओवी."

"व्हिडिओ पूर्ण बघितलास?"

"यंत्र दिसलं आणि बंद केला. पुढे बघवेना गं."

मी बघितला. शुभंकरने खिशातून ओला रुमाल काढला, उसाचं कांडं पुसलं आणि म्हणाला, "ओलाव्यामुळे प्रकाश आत खोल शिरतो." मग यंत्र लावलं. आकडा हिरवा झाला. मी ते परत एकदा बघितलं. दिसलं ते लगेच सांगायचं नाही, ही नोकरीतली सवय.

२

दीपमालाचं ऑफिस शनिवार पेठेत, एका छत्र्यांच्या दुकानाच्या वर. जिन्यात दुकानदाराची पाटी आहे: 'जिन्यात उभे राहून फोनवर बोलू नये. आम्हाला सगळे ऐकू येते.' अशा इमारतीत गुपित राहणं अवघडच.

जाताना रसवंतीवाल्याकडून उसाचं एक लांब कांडं मागून घेतलं. "रस नको?" तो म्हणाला. "नको, ऊसच हवाय," म्हटल्यावर त्याने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की दातांची चौकशी करतो की काय असं वाटलं.

माझ्या सांगण्यावरून दीपमालाने सलिल बर्वेला माझी ओळख 'निवृत्तीचे पैसे गुंतवू पाहणाऱ्या बाई' अशी करून दिली होती आणि ती बाहेर निघून गेली होती.

सलिल म्हणजे उंचपुरा, कानाजवळ नेमके तेवढेच पांढरे केस, आवाज आकाशवाणीचा. माणसाला बघितल्याबरोबर 'हाच मालक' असं वाटावं असा. खुर्ची पुढे केली, पाणी दिलं, आणि देशातल्या उसाचं भवितव्य मला दोन वाक्यांत समजावलं.

"मला त्यातलं कळत नाही हो," मी कांडं टेबलावर ठेवलं. "जरा लावून दाखवा ना."

"अगदी आनंदाने." त्याने खिशातून पांढराशुभ्र रुमाल काढला. माझ्यासमोरच्या पेल्यात त्याचं टोक बुडवलं. जादूगाराच्या ऐटीत कांडं पुसलं आणि माझ्याकडे बघून हसला.

"हे कशाला?"

"ओलाव्यामुळे, मॅडम, प्रकाश आत खोल शिरतो."

शब्दन् शब्द तोच. मी आदल्या दिवशी तो शुभंकरच्या तोंडून ऐकला होता.

३

डॉ. उत्तरेश्वर शिंगाडे मांजरीला राहतात. जन्मभर उसावर संशोधन केलं, आता अंगणातल्या आरामखुर्चीवरून जगाच्या चुका काढतात. स्कूटरवरून कांडं घेऊन आलेली बाई बघून त्यांनी चष्मा वर केला.

"ऊस माझ्याकडं आणलात? काशीला गंगाजल घेऊन जाल."

मी विषयाला हात घातला. शर्करायनवाल्यांचा त्यांना फोन आला होता, सल्लागार व्हा म्हणून. त्यांनी ते स्वतःहूनच सांगितलं.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हणालो, हे यंत्र तुमच्यातल्या कोणी बनवलं, त्याला फोन द्या. त्यांनी फोन ठेवला."

हे खरं की बनाव, ते मला ठरवायचं होतं. मी कांडं पुढे केलं, माझा चष्म्याचा डबा यंत्र म्हणून दिला आणि लावून दाखवा म्हटलं. त्यांनी खांद्यावरच्या कोरड्या पंच्याने कांडं खसखसून पुसलं. पंच्यावर पांढरट भुकटी उतरली.

"ओलं करायचं नाही?"

"ओलं?" ते आरामखुर्चीतून निम्मे उठले. "कुठल्या शहाण्यानं सांगितलं? उसावर हे मेण असतं, ते आधी काढावं लागतं. कोरडंच! पाणी लावलं की यंत्र उसाच्या ऐवजी पाणीच मोजत बसतं. सगळा आकडा खोटा. म्हणून तर पोरीनं चिमट्याच्या आत नमद्याची, दाबलेल्या लोकरीची पट्टी बसवली. यंत्र लावून अर्धा वेढा फिरवायचा, मेणही जातं आणि दवही टिपलं जातं. सगळी अक्कल त्या पट्टीत आहे."

"आराखड्यात ती पट्टी दिसते?"

"दिसते. पण नुसतं 'गादी' लिहिलंय. मीच म्हणालो, पोरी, सगळं कागदावर मांडू नकोस."

मी फोन काढून व्हिडिओ मोठा करून बघितला. शुभंकरच्या यंत्रात त्याच जागी काळं रबर होतं. ऊस खरचटू नये म्हणून गादी असेल, असं समजून बसवलेलं.

म्हणजे आराखडा चोरला होता, आणि तो कसा वापरायचा हे कोणीतरी चुकीचं सांगितलं होतं. ते चुकीचं वाक्य सलिलच्या तोंडचं होतं. तेवढ्यात फोन वाजला.

"मावशी," दीपमाला म्हणाली. "सलिलने राजीनामा दिला. टेबलावर ठेवून निघून गेला. तोच होता ना गं?"

४

राजीनामा देऊन पुण्यातला माणूस जातो कुठे? चहा प्यायला. सलिल ऑफिसच्या कोपऱ्यावरच्या अमृततुल्यमध्ये रिकाम्या कपासमोर बसला होता. मी समोर बसले आणि आपण कोण ते सांगून टाकलं.

"मला आधीच कळलं होतं," तो म्हणाला. आकाशवाणीचा आवाज पार बसला होता. "तुम्ही गेल्यावर मी तो व्हिडिओ पूर्ण बघितला. माझं वाक्य माझ्याच कानांनी ऐकलं. आता कोण माझ्यावर विश्वास ठेवणार?"

"ते मी ठरवीन. आधी सांगा, हे वाक्य तुम्हाला शिकवलं कोणी?"

त्याने रिकामा कप बाजूला सरकवला.

"कोणीच नाही. मी बनवलं. मेघडंबरीत पहिली मीटिंग होती. प्रश्न विचारायचे तर दीपमालाला विचारायला हवे होते, ती माझ्या शेजारीच बसली होती. राकेश सगळं मला विचारत होते. मी एकदोनदा तिच्याकडे बोट केलं, ते परत माझ्याकडेच बघायचे. मग विचारलं, उसावरच्या त्या पांढऱ्या थराचं काय करता? मला माहीत नाही असं म्हणायला हवं होतं. पण सगळे असे बघत होते... पुढे पाण्याचा ग्लास होता, खिशात रुमाल होता. तोंडातून निघून गेलं. टाळ्या पडायच्या राहिल्या फक्त. तेव्हापासून गुंतवणूकदार आला की मी तोच खेळ करतो."

"आणि दीपमाला काय म्हणाली?"

"तेव्हा? खाली बघत होती. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली, सलिल, ते कोरडं असतं."

मला त्याचा राग आला आणि त्याची कीवही आली. दोन्ही एकदम येऊ शकतं, बायकांना त्याची सवय असते.

"राजीनामा परत घ्या," मी म्हणाले. "तुम्ही थापाडे आहात. चोर नाही."

"कशावरून?"

"दुधात पाणी घालणारा गवळी स्वतःच्या घरी ते दूध नेत नाही. त्या मीटिंगला आणखी कोण होतं?"

"राकेश, आणि ती नवी मुलगी. ओवी."

५

मेघडंबरीचं ऑफिस कोरेगाव पार्कात. आत सगळं काचेचं, त्यामुळे कोण कोणापुढे मान डोलावतंय ते लांबून दिसतं. गुंतवणुकीचे निर्णय घेणाऱ्यांच्या खोलीत सगळे पुरुष होते. बाहेरच्या टेबलांवर एक मुलगी. ती ओवी.

राकेश अत्यंत सभ्य. मी दीपमालाच्या वतीने आलेय म्हटल्यावर त्यांनी कॉफी मागवली. "आपण बसा ना. खरं सांगू? मला वाईट वाटतं. दीपमाला हुशार आहे. पण आम्ही घोड्यावर नाही, स्वारावर पैसे लावतो. टीम बघतो."

"तुम्ही यंत्र नीट समजून घेतलं होतंत?"

"अगदी मुळापासून. मी स्वतः सलिलबरोबर बसलो, पहिल्या मीटिंगला आणि नंतरही दोनदा. सॉलिड माणूस आहे."

"आणि दीपमालाबरोबर?"

"तिच्याशीही बोललो. पुढच्या आयुष्याबद्दल, घरच्या सपोर्टबद्दल. त्याही गोष्टी बघाव्या लागतात." त्यांच्या टेबलावर स्वतःच्या लग्नातला एक फोटो होता. नवरानवरी, आणि भोवती फेटे बांधलेली हसरी मंडळी. मी फोटोचं कौतुक केलं. सगळ्यांचे चेहरे नीट बघून घेतले.

लिफ्टपाशी ओवीने मला गाठलं. "मॅडम, मी काही लीक केलेलं नाही. पण इथे काही झालं की आधी माझ्याकडे बघतात. मी या टीममध्ये एकटीच मुलगी आहे. माझा जॉब जाईल."

मी पिशवीतून कांडं काढलं. लिफ्टची वाट बघणारे दोन सूटवाले बाजूला सरकले. "यंत्र कसं लावतात?"

तिने क्षणभर माझ्याकडे बघितलं, मुठीने कांडं धरलं आणि अर्धा वेढा फिरवला. "कोरडंच. आत फेल्टची पट्टी असते. त्या मीटिंगमध्ये सलिलसर रुमाल भिजवत होते तेव्हा दीपमालाने मान खाली घातली. मला विचित्र वाटलं. म्हणून नंतर कॅन्टीनमध्ये मी तिलाच विचारलं. तिने यंत्र उघडून दाखवलं."

"हे तुम्ही वर सांगितलंत?"

"सांगायला गेले. राकेशसर म्हणाले, तू मीटिंगचे मिनिट्स लिही."

लिफ्ट आली. आता माझ्याकडे जे होतं ते सगळं तुमच्याकडेही आहे. खाली येईपर्यंत मला चोर कळला होता.

६

गुरुवारी सकाळी मांजरीच्या फडात थंडी मी म्हणत होती. पाचटावर दव होतं. एका बाजूला शुभंकर, निळं यंत्र, खिशात रुमाल. दुसऱ्या बाजूला दीपमाला, आणि दोन पावलं मागे सलिल. राकेश आणि ओवी हिंमतरावांच्या शेजारी. उत्तरेश्वर रस तपासायचं भिंग घेऊन पंच म्हणून उभे होते.

हिंमतराव सत्तरीचे, पांढऱ्या कपड्यांतले, पायात साध्या चपला. "हं, लावा," एवढंच म्हणाले.

शुभंकरने रुमाल बाटलीतल्या पाण्यात भिजवला, पहिला ऊस पुसला, यंत्र लावलं. हिरवा: तोडणीला तयार. दीपमालाने त्याच उसाच्या दुसऱ्या कांड्याला यंत्र लावून अर्धा वेढा फिरवला. लाल: कच्चा.

उत्तरेश्वरांनी ऊस टोचला, थेंब भिंगावर घेतला आणि सूर्याकडे धरला. "कच्चा."

हिंमतरावांनी तोच ऊस मोडून तोंडात घातला आणि थुंकला. "पाणी हाय नुसतं."

दुसऱ्या उसाला उलटं झालं. पिकलेल्याला शुभंकरचं यंत्र कच्चा म्हणालं. तो घाबरून रबर पुसायला लागला.

"अरे, नीट ओलं कर ना!" राकेश पुढे होऊन ओरडले. "ओलावा कमी पडतोय. प्रकाश आत जात नाहीये!"

"धन्यवाद," मी म्हणाले. "मला हेच ऐकायचं होतं."

सगळे माझ्याकडे वळले.

"साहेब," मी हिंमतरावांना म्हणाले, "चोर ओळखायला मालावरचा डाग पुरतो. या निळ्या यंत्राला डाग आहे तो ओल्या रुमालाचा. ऊस ओला करायचा ही निव्वळ थाप आहे, आणि ती तुमच्याच ऑफिसात जन्मली. सलिलने मारली. तिथून ती या पोराच्या व्हिडिओत शब्दशः आली. आराखडे चौघांकडे होते. उत्तरेश्वरांना ही थाप गाढवपणाची वाटते, ते ती कोणाला देणार नाहीत. सलिलला ती थाप आहे हे माहीत होतं. खरी पद्धत त्याला दीपमालाने त्याच दिवशी सांगितली होती. विकायचं असतं तर त्याने खरं विकलं असतं. ओवीने यंत्र बनवणारीलाच विचारलं, म्हणून तिला खरं माहीत आहे. राहिला तो माणूस, ज्याने यंत्र बनवणारी समोर बसलेली असताना प्रत्येक प्रश्न तिच्या शेजारच्या पुरुषाला विचारला, आणि मिळालेलं उत्तर ब्रह्मवाक्य मानलं."

राकेश हसले. "हा काय पुरावा झाला, मॅडम? ओला रुमाल व्हिडिओतही आहे. मी तिथे बघितला असेल."

"असेल. मग एवढंच सांगा, तुमच्या टेबलावरच्या लग्नाच्या फोटोत नवरीच्या शेजारी गुलाबी फेटा बांधून उभा आहे, तो कोण?"

शुभंकरने नकळत डोक्याला हात लावला. तिथे आज फेटा नव्हता.

"राकेश," हिंमतराव शांतपणे म्हणाले, "पोरगा तुझा कोण?"

"मेहुणा," राकेश म्हणाले. मग एकदम भडाभडा बोलायला लागले. "साहेब, मी फंडाचाच विचार केला. आयडिया उत्तम होती. टीम वीक होती. एकटी मुलगी, उद्या लग्न झालं की काय? चांगली आयडिया वाया गेली असती. मी ती फक्त योग्य हातांत दिली."

दीपमालाने यंत्र पुसलं, पिशवीत ठेवलं आणि मान वर केली.

"राकेशसर, मला एकदा विचारलं असतंत ना, तर तुमची चोरी तरी नीट झाली असती."

उत्तरेश्वर इतक्या जोरात हसले की फडातून बगळे उडाले. मला हसू आलं नाही. मला तिचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले, आणि मी थंडीचं निमित्त करून ते पुसले.

हिंमतरावांनी राकेशकडे पाठ केली. "तू गाडीत बस. वकिलाशी मी बोलतो." मग दीपमालाला म्हणाले, "पैसे देतो मी. अट काय?"

अट त्यांनी घालायची असते. त्यांनी तिला विचारली, हे तिच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

"एकच," ती म्हणाली. "आमचा व्यवहार ओवी बघेल. मिनिट्स दुसरं कोणीतरी लिहील."

"चालंल." हिंमतरावांनी उसाचं आणखी एक कांडं मोडलं, समाधानाने चावलं, आणि बोलता बोलता वळले ते थेट सलिलकडे. उंचपुरा, पांढऱ्या कानशिलांचा, मालकासारखा दिसणारा सलिल. "मग मला सांगा, या हंगामात यंत्रं शेतकऱ्याच्या हातात पडतील का?"

सवयच ती. चांगल्या माणसालाही असते.

सलिलने तोंड उघडलं. त्याचा हात खिशातल्या रुमालाकडे गेलेला मला दिसला. मग तो हात त्याने खाली सोडला.

"मला माहीत नाही," सलिल म्हणाला. "त्यांना विचारा."

मग हिंमतराव वळले, उत्तरेश्वर वळले, ओवी वळली, आणि दीपमाला सांगू लागली.